ठेवणीतली साडी कधी नेसणार?



गेल्या शनिवारी सारसोळ्यात आपली 'स्टॉल कसा लावायचा' ही बॅच झाली. व्हिडिओ चॅनलवर आहेच. पण व्हिडिओत एक गोष्ट नाही, कारण ती कॅमेरा बंद केल्यावर घडली. त्या गोष्टीवरच आज लिहायचंय.

बॅचमधल्या एक ताई आगरी मसाला आणि सुकी मासळी विकतात. माल एक नंबर. पहिल्यांदाच तीन दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉल मिळालाय. मी विचारलं, तयारी कुठवर आली? लेबलं छापली का? म्हणाल्या, "नाही हो मॅडम, पैसे साड्यांत गेले. तीन दिवस म्हणजे तीन साड्या तर लागणारच. त्यावर मॅचिंग ब्लाउज, शिलाई, फॉल-पिको. सात हजार झाले." आणि लेबलं? "या वेळी पेनाने लिहीन म्हणते."

मी गप्प बसले. सात हजारांत लेबलं, पाकिटं सील करायचं मशीन आणि वर एक चांगला बॅनर, सगळं झालं असतं. मालाच्या पाकिटावर पेनाने लिहिलेलं नाव, आणि पाकीट विकणारीच्या अंगावर कोरी करकरीत साडी! गिऱ्हाईक घरी काय नेणार आहे? साडी नाही, पाकीट नेणार आहे.

आता कुणी म्हणेल, मॅडम, तुम्ही धंद्याचं शिकवता, आमच्या कपाटात कशाला डोकावता? तर ऐका. बायकांच्या छोट्या धंद्यात घरचा गल्ला आणि धंद्याचा गल्ला एकच असतो. त्यामुळे कपाटात गेलेला पैसा हा बहुतेक वेळा खेळत्या भांडवलातूनच गेलेला असतो. आणि कपाट म्हणजे दुसरं काय, गोडाऊनच की! त्यात चालणारा माल किती आणि पडून असलेला किती, हे दुकानदार जसं बघतो तसंच बघायचं.

मी स्वतः या खड्ड्यात पडलेली आहे, म्हणून हक्काने बोलते. ट्रेनिंगचं काम सुरू केलं तेव्हा मला वाटायचं, दर कार्यशाळेला नवीन दिसलं पाहिजे. क्रेडिट कार्डावर सहा साड्या आणि एक ब्लेझर घेतला. ब्लेझर! नेरूळच्या मे महिन्यात, पंखा चालेल न चालेल अशा हॉलमध्ये. दोनदा घातला. कार्डाचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर, त्यामुळे त्या कपड्यांचे पैसे फिटायला दीड वर्ष लागलं. त्या सहांतल्या चार साड्या आज कुठे आहेत? एक धुताना विटली, दोन भांडीवालीला गेल्या, एकीचं उशीचं कव्हर झालं. त्या काळात ज्या साडीत मी सगळ्यात जास्त कामं मिळवली, ती आईने दिलेली एक जुनी इरकल होती. ती आजही आहे, आणि अजून विटलेली नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: स्टॉलसाठी, मीटिंगसाठी, व्हिडिओसाठी नवीन कपडे घेऊ नका. आहेत त्यातले चार-पाच उत्तम कपडे बाहेर काढा आणि तेच फिरवून फिरवून घाला.

ही काही परदेशातून आलेली कल्पना आहे असं समजू नका. हां, तिकडेही लोकांना हे सुचलं. लंडनला १९७० च्या दशकात सुझी फो नावाच्या बाई कपड्यांचं दुकान चालवायच्या. मोजकेच पण उत्तम कपडे घ्या आणि एकमेकांवर जुळवून घाला, असं त्या गिऱ्हाइकांना सांगत. 'कॅप्सूल वॉर्डरोब' हा शब्द त्यांच्या नावाशी जोडला जातो. लक्षात घ्या, स्वतः दुकानदार, आणि सांगायच्या कमी घ्या! मग न्यूयॉर्कमध्ये डॉना कॅरनने १९८५ साली नोकरी करणाऱ्या बायकांसाठी सात कपड्यांचा संच काढला. सातच कपडे, सकाळच्या ऑफिसपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळीकडे चालणारे. तो तुफान चालला आणि तिचं नाव झालं.

पण आपल्या आज्यांचं काय होतं? रोजची दोन-तीन लुगडी आणि ठेवणीतली दोन. संपलं. कोळणीचं लुगडं आठवून बघा, घट्ट कासोट्याचं, गुडघ्यापर्यंत. होडीतून उतरायला, टोपली डोक्यावर घ्यायला, बाजारात दिवसभर बसायला सोयीचं. ते कामाचे कपडेच होते, आणि नारळी पौर्णिमेला तेच नेसणं जरा भारी कापडात आणि अंगभर दागिन्यांत. नेसायची पद्धत तीच, फक्त कापड बदललं. याला टापटीप नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आज्यांची एक गोष्ट मात्र मला पटत नाही. 'ठेवणीतली' म्हणून जे काही होतं ते ठेवलेलंच राहायचं. किती घरांत मी बघितलंय, आई गेल्यावर कपाट उघडतात आणि आत कोऱ्या घडीच्या साड्या निघतात. घडीवर जर तुटलेली, नेसायला उलगडली की चरचर फाटते. वीस वर्षं जपली आणि नेसली तीनदा. घडी मोडायला सुद्धा आपल्याकडे मुहूर्त लागतो! माझं म्हणणं आहे, ठेवणीतल्यांपैकी दोन तरी आता कामावर लावा. पैठणी नेसून मसाला विका असं म्हणत नाही. पण इरकल, नारायणपेठ, एखादी महेश्वरी, चांगली सुती साडी, या कपाटात काय करतायत?

आता हिशेब बघू

सातशेची साडी दहा वेळा घेतली तर सात हजार. अशा साड्या आपण दोनदा नेसतो. एकदा नवी म्हणून, एकदा घरच्याच कुठल्या कार्यक्रमाला. म्हणजे एका नेसण्याला साडेतीनशे रुपये पडले. साडेतीन हजारांची एक चांगली हातमागाची साडी चाळीस वेळा नेसली तर एका वेळेला सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी रुपये. आणि चाळीस हा आकडा मी कमीच धरलाय.

यावर लगेच प्रश्न येतो, आणि तो बरोबर आहे: एकदम साडेतीन हजार आणायचे कुठून? सातशे महिन्याला निघतात, साडेतीन हजार निघत नाहीत. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते ती याचमुळे. याला माझ्याकडे जादू नाही. भिशीचा नंबर लागला की एक घ्या. किंवा पाच महिने काहीच घेऊ नका, सातशे बाजूला टाका. किंवा, आणि हेच मी आधी सांगेन, विकतच घेऊ नका. सासूबाईंचं, आईचं, मावशीचं कपाट उघडा. त्या आनंदाने देतील. त्यांनाही ती कुणीतरी नेसलेली बघायची असते.

एकाच साडीच्या पाच साड्या कशा करायच्या

गंमत ब्लाउजमध्ये आहे. आपण काय करतो, साडीबरोबर आलेला ब्लाउजपीस शिवतो आणि त्या जोडीचं जणू लग्न लावून टाकतो. ही साडी म्हणजे हाच ब्लाउज, दुसरा चालायचा नाही. हे लग्न मोडा!

चार साड्या आणि पाच ब्लाउज घेतले तर कागदावर वीस जोड्या होतात. खरं सांगायचं तर वीसही चांगल्या दिसत नाहीत, तेरा-चौदा जमतात. पण तेरा-चौदा म्हणजे तीन दिवसांची चार प्रदर्शनं झाली आणि वर उरल्या.

ब्लाउज कुठले? माझ्या अनुभवात एक काळा किंवा गडद लाल खणाचा हवाच. खण आणि इरकल ही आपल्याकडची जुनी जोडी आहे. दोन्ही कापडं सीमेपलीकडून, बागलकोट जिल्ह्यातून येतात: साडी इलकलची, खण गुळेदगुड्डचा. पण खणाचा ब्लाउज साध्या सुती साडीलाही उठाव देतो, हे लोक विसरतात. दुसरा पांढरा किंवा मोतिया हकोबाचा. उन्हाळ्यात कशावरही चालतो. तिसरा गडद हिरवा साधा, चौथा कलमकारी किंवा इकतचा नक्षीवाला, तो फक्त बिनबुट्ट्यांच्या साडीवर. पाचवा तुमच्या आवडीचा, त्यात मी पडत नाही.

शिवताना शिंप्याला, शिवणारी ताई असेल तर तिला, एकच सांगायचं: आत माया भरपूर सोड. दोन्ही बाजूंना इंचभर तरी. वजन वाढतं, कमी होतं, बाळंतपणं होतात, आणि माया नसली की चांगला ब्लाउज दोन वर्षांत बाद. हल्ली कापड वाचवायला माया ठेवतच नाहीत. पन्नास रुपये शिलाई जास्त द्या, पण हे करून घ्या. आणि बाही कोपरापर्यंत घ्या. स्टॉलवर हात सारखा वर जातो, माल काढायचा, फोन दाखवायचा. आखूड बाहीत अवघडायला होतं.

पदरही बदलून बघा. पहिल्या दिवशी पिनअप केलेला, दुसऱ्या दिवशी मोकळा, तिसऱ्या दिवशी उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला. इरकलचा सगळा तोरा पदरात असतो, त्यामुळे पदर पुढे आला की तीच साडी वेगळी दिसते. वर ओढणी, शाल किंवा खणाचं जाकीट घातलं तर मग बघायलाच नको.

बॅचमधल्या दादा लोकांसाठी थोडक्यात: तीन चांगले शर्ट (पांढरा, आकाशी, बारीक रेघांचा), दोन पँट (नेव्ही ब्लू आणि राखाडी), एक नेहरू जाकीट. जाकिटासकट आणि जाकिटाशिवाय मिळून बारा प्रकार होतात. शर्टाची कॉलर झिजली की शर्ट निवृत्त. आणि बूट पुसा. पुरुषांच्या बाबतीत लोक बुटांवरूनच माणूस ओळखतात, हे कोण बोलत नाही पण सगळे बघतात.

ड्रेस घालणाऱ्या मुलींनी साडीऐवजी कुर्ता आणि ब्लाउजऐवजी ओढणी धरायची. दोन साधे कुर्ते, दोन सलवारी किंवा पँट, तीन ओढण्या. एक तरी ओढणी भारी घ्या, ती पंधरा वर्षं टिकते आणि तिला मापाचा प्रश्नच नाही.

चांगलं कापड ओळखायचं कसं

किंमत बघून तर नाहीच. साडी उलटी करा. हाताने विणलेल्या पैठणीचा पदर मागून बघितला तरी जवळजवळ पुढच्यासारखाच सुबक दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागे लोंबते धागे असतात किंवा ते कापलेले दिसतात. येवल्या-पैठणच्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानात 'पैठणी' या नावाखाली काय काय विकलं जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. हातमागाचा शिक्का, रेशीम असेल तर सिल्क मार्कचं लेबल बघा. सुती कापड मुठीत चुरगळा, उजेडासमोर धरा. नुसत्या खळीने कडक झालेलं कापड पहिल्या धुण्यात लुळं पडतं. पॉलिस्टर वाईट असं मी म्हणत नाही, पावसाळ्यात ते कामाचं आहे. पण रेशमाच्या भावात ते घेऊ नका.

आणि जपणूक. सारसोळ्याच्या लोकांना मी काय सांगायचं, जेट्टीकडून येणारी दमट हवा जुलैमध्ये लोखंडी कपाटात सुद्धा वास मारते. रेशमी साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या मऊ सुती धोतरात किंवा मलमलमध्ये गुंडाळा. दोन-तीन महिन्यांनी काढून घडी बदला, नाहीतर जर त्याच रेषेवर तुटते. अत्तर, सेंट थेट जरीवर नाही. नेसून आल्यावर घामेजलेली साडी लगेच कपाटात नाही, रात्रभर सावलीत वाऱ्यावर टाका.

"पण लोकं काय बोलतील?"

हा खरा मुद्दा. मसालावाल्या ताई हेच म्हणाल्या: "लोकं बोलतील ना मॅडम, हिच्याकडं काय दुसरी साडी नाय का?"

त्यांची चेष्टा करायची माझी अजिबात इच्छा नाही. पुरुष आठवडाभर एकच पँट घालतो, कुणी बघत नाही. बाईने महिन्याभरात साडी पुन्हा नेसली की जावा-नणंदा फोटो काढून दाखवतात. आणि आपल्या भागात हळदीचा सीझन म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. घरच्या सगळ्या बायकांना एका रंगाच्या साड्या, हळदीची वेगळी, लग्नाची वेगळी, पूजेची वेगळी. ज्या घरात पाच भाच्या, तिथे हिशेबच सोडून द्यायचा. हौस आहे, मान आहे, मी नाही म्हणत नाही. पण हळदीचा नियम स्टॉलला कुणी लावला? हळदीत तुम्ही पाहुणी असता. स्टॉलवर तुम्ही दुकानदार असता, आणि दुकानदार ओळखू यावा लागतो. पहिल्या दिवशी चव घेऊन गेलेलं गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी शोधत येतं ते "ती लाल पदराची साडीवाली बाई" म्हणून. तिसऱ्या दिवशी तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत वेगळ्या दिसलात तर त्याला स्टॉल सापडायचा कसा?

नवरात्रीचे नऊ रंग घ्या. पोथीत शोधाल तर ही पद्धत सापडायची नाही. महाराष्ट्र टाइम्सने साधारण वीस वर्षांपूर्वी वाचकांसाठी तो उपक्रम चालवला, लोकलच्या डब्यांत, ऑफिसांत तो उचलला गेला, आणि आज तो जणू शेकडो वर्षांचा रिवाज झालाय. मार्केटिंग म्हणून मी त्याला सलाम करते, बॅचमध्ये उदाहरणही देते. पण बरेचसे रंग वारावर ठरतात, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, शनिवारी राखाडी. राखाडी साडी वर्षात एकदाच नेसणार असाल तर ती घ्यायची कशाला? राखाडी ओढणी घ्या, ब्लाउज घ्या, नाहीतर नुसता गजऱ्याऐवजी त्या रंगाचा रुमाल हातात धरा. मैत्रिणी हसतील, फोटोत घेतील, विषय संपला.

साडी विकणाऱ्या ताईंनो, रागावू नका

मला माहितीये, हे वाचणाऱ्यांत किमान काही जणी व्हॉट्सॲपवर साड्या आणि कुर्ते विकतात. तुम्ही म्हणाल, मॅडम, आमच्या पोटावर पाय देताय. नाही. पण तुमचा धंदा बदलायला हवा, असं मला मनापासून वाटतं. सहाशेच्या साडीवर पन्नास-शंभर सुटतात, वर परत करणारीचे नखरे, कुरिअरचा खर्च. तीच बाई तुमच्याकडे तिच्या चार जुन्या साड्या घेऊन आली आणि तुम्ही तिला जमणारे दोन ब्लाउज सुचवून शिवून दिलेत, फॉल बदलला, पॉलिश करून आणली, रफू करून दिलं, तर सुटणारा पैसा जास्त आणि माल अडकलेला शून्य. शिवलेल्या नऊवारी भाड्याने देणाऱ्या तर आपल्या आसपासच आहेत. एक नऊवारी सीझनमध्ये कितीदा बाहेर जाते ते त्यांना विचारा. वर्षातून एकदा लागणारी वस्तू विकत कशाला घ्यायची, हे गिऱ्हाइकाला कळायला लागलंय. तुमच्या आधी कळलं तर अडचण तुमची आहे.

बरं, त्या मसालावाल्या ताईंचं काय झालं? तीनपैकी दोन साड्यांचं पाकीट फोडलेलं नव्हतं. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत, पण बदलून द्यायला तयार झाला. त्या बदल्यात त्यांनी भाचीच्या लग्नात द्यायच्या साड्या आत्ताच घेऊन टाकल्या, म्हणजे लग्नासाठी बाजूला काढलेले पैसे मोकळे झाले. त्यातून लेबलं छापायला गेली आहेत. सीलिंगचं मशीन सध्या बचत गटातल्या मैत्रिणीचं. नेसणार आहेत सासूबाईंची हिरवी इरकल, तिन्ही दिवस तीच, ब्लाउज मात्र रोज वेगळा. दुसऱ्या दिवसाचा ब्लाउज अजून ठरत नाहीये. काल रात्री दहा वाजता मला तीन फोटो पाठवलेत. मी खणाचा सांगितलाय, त्यांना हकोबाच हवाय.

येत्या शनिवारच्या बॅचला येताना दोन साड्या आणि घरात असतील नसतील ते सगळे ब्लाउज घेऊन या. दादांनी शर्ट आणा. इस्त्री मी आणते, एक्स्टेंशन बोर्ड कुणीतरी आणा, मागच्या वेळचा हॉलवाल्यांचा चालत नव्हता.